व्होल्ट भरपूर, वीज चिमूटभर

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातला एक संच 210 मेगावॅटचा. त्याच्या जनित्रातून वीज बाहेर पडते ती साधारण पंधरा-सोळा हजार व्होल्टनं. आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर मांडलेलं विम्सहर्स्ट यंत्र सहज 50 हजार व्होल्ट देतं! मग कोळसा जाळायचा कशाला?

या यंत्रात ॲक्रिलिकच्या दोन तबकड्या असतात, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या. हँडल फिरवलं की तबकड्या एकमेकींच्या उलट फिरतात. एका पट्टीवर किंचित विद्युत प्रभार असला, तरी समोरून जाणाऱ्या पट्टीवर, तारेचा ब्रश टेकताक्षणी, विरुद्ध प्रभार ओढला जातो. ती पट्टी पुढे जाऊन पहिल्या तबकडीवर हेच करते. असा प्रभार वाढत जातो, लायडन जारमध्ये, म्हणजे प्रभार साठवणाऱ्या बरणीत, साठतो आणि पितळी गोळ्यांमध्ये तडाखेबंद ठिणगी उडते. कोरड्या हवेत सेंटिमीटरभर ठिणगीला सुमारे 30 हजार व्होल्ट लागतात. (नाशिकच्या जुलैत मात्र याच्या वाटेला जाऊ नये. तबकडीवर ओल धरते आणि प्रभार साठण्याआधीच निसटतो.)

विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढत असताना त्यांना दूर न्यायचं काम हात करतो. म्हणून यंत्र चढलं की हँडल जड लागतं. ठिणगीतली सगळी ऊर्जा तिथूनच येते, आणि ती असते तरी किती? जारची धारिता (प्रभार साठवायची क्षमता) 100 पिकोफॅरड धरली, तर 50 हजार व्होल्टला 0.125 ज्यूल. एवढ्यात 100 ग्रॅमची वस्तू जेमतेम अर्धी वीत उचलली जाईल. सलग प्रवाह 20 मायक्रोअँपिअर मिळाला, तर व्होल्ट गुणिले प्रवाह असा हिशेब होतो एक वॅट. घरचा एलईडी बल्ब नऊ वॅटचा.

'फुकट ऊर्जे'च्या व्हिडिओंत व्होल्ट मोठ्या अक्षरांत असतात, वॅट कुठेच नसतात. स्वित्झर्लंडमधल्या मेथर्निथा पंथाचं 'टेस्टाटिका' हे अशाच तबकड्यांचं यंत्र. ते आपोआप फिरून किलोवॅटांनी वीज देतं, हा दावा स्वतंत्र मोजमापानं कधीच सिद्ध झालेला नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं तर 1775 मध्येच आपोआप चालत राहणाऱ्या यंत्रांचे अर्ज तपासणं बंद केलं. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3 सुद्धा निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारे शोध दारातूनच परत पाठवतं.

हवेत वीज आहे, हे मात्र खरं. निरभ्र दिवशी जमिनीलगत दर मीटर उंचीला सुमारे 100 व्होल्टचा फरक असतो. अमेरिकेत ओलेग जेफिमेन्को यांनी 1970 च्या दशकात या विजेवर छोट्या मोटारी खरोखर फिरवून दाखवल्या. पण आकाशातून उतरणारा हा प्रवाह एका चौरस किलोमीटरला अवघा दोन मायक्रोअँपिअर. वातावरणाच्या वरच्या थरापर्यंतचे तीन लाख व्होल्ट धरले तरी 0.6 वॅट. नाशिक महापालिकेची हद्द सुमारे 260 चौरस किलोमीटर. अख्ख्या शहरावरची ही वीज एक कणही वाया न घालवता गोळा केली, तर दीडशे वॅट होतात. त्यावर छताचे दोन पंखे फिरतील.