सिंगापूर क्रूझवरून परत येताना अरायव्हल कार्ड दुसऱ्यांदा भरावं लागतं: व्हिसा, कागदपत्रं आणि लोक नेमके कुठे अडकतात

आधी मुद्द्याचं सांगते. सिंगापूरहून क्रूझ घेतली, पेनांग-फुकेत बघून तेच जहाज तुम्हाला परत सिंगापूरच्याच बंदरात आणून सोडतं, तेव्हा वाटतं की निघालो तिथेच तर आलो, यात नवीन काय. पण इमिग्रेशनच्या हिशेबात तुम्ही देश सोडून गेला होतात आणि आता नव्याने येताय. जहाजात चढताना एक्झिट झाली, उतरताना पुन्हा एन्ट्री. म्हणजे चांगी विमानतळावर उतरताना जे लागलं ते सगळं परत लागणार. आणि नेमकी हीच गोष्ट टूरवाले घाईघाईत सांगतात, तिकिटावर ती बारीक अक्षरात कुठेतरी असते, आणि माणसं टर्मिनलच्या कोपऱ्यात उभी राहून घामाघूम होऊन मोबाईलवर फॉर्म भरत बसतात. हे सगळं भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी लिहितेय.

व्हिसा आधी बघू, कारण तो चुकला तर पुढचं वाचायचीही गरज नाही. सिंगापूरचा व्हिसा आपल्याला घरूनच काढून न्यावा लागतो. मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे पण स्वतः जाऊन अर्ज देता येत नाही, अधिकृत एजंटामार्फतच जातो. फॉर्म १४ए म्हणजे व्हिसाचा अर्ज, पांढऱ्या बॅकग्राउंडचा ३५ बाय ४५ मिलिमीटर फोटो, निदान सहा महिने व्हॅलिड असलेला पासपोर्ट, तिकिटं, हॉटेलचं आणि क्रूझचं बुकिंग. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही, वर एजंटाचे जे काय असतील ते.

इथे घोळ होतो तो कव्हरिंग लेटरचा, म्हणजे अर्जासोबतच्या पत्राचा. नोकरी-धंदा असेल तर लेटरहेडवर मागतात. आता सत्तरीच्या आजोबांनी लेटरहेड कुठून आणायचं? शेती करणाऱ्याने कुठून आणायचं? एक गृहस्थ मुलाच्या कंपनीच्या लेटरहेडवर स्वतःचं पत्र टाइप करून घेऊन आले होते, आणि मग अर्जात ‘निवृत्त’ आणि पत्रात कंपनी असा तमाशा झाला. असलं काही करू नका. साध्या कोऱ्या कागदावर, मी निवृत्त आहे, अमुक तारखेला जातोय, तमुक तारखेला परत येतोय, खर्च कोण करणार, एवढं सरळ लिहून पासपोर्टवर आहे तशीच सही करा. पेन्शनची नोंद असलेलं बँक स्टेटमेंट सोबत ठेवा.

व्हिसा आला की एजंटाला थँक्यू म्हणून फोन ठेवायच्या आधी दोन गोष्टी वाचा. एक, एन्ट्री किती. आपल्याला बऱ्याचदा मल्टिपलच मिळतो म्हणून कोणी बघतच नाही, पण सिंगल असेल तर ती एकुलती एक एन्ट्री चांगीवर उतरतानाच संपली, मग क्रूझवरून परत कसे येणार? बहुतेक वेळा परत यायचा प्रश्नच येत नाही कारण जहाजाच्या चेक-इनलाच थांबवतात, पैसे गेले ते गेले. दुसरं, व्हिसाची शेवटची तारीख. ही देशात शिरण्याची मुदत असते, राहण्याची नाही. किती दिवस राहायचं ते आत घेताना ठरतं आणि त्याचा ई-पास, म्हणजे राहण्याची डिजिटल परवानगी, ईमेलवर येतो, पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. क्रूझवरून परत आलात की नवीन ई-पास, नवीन तारीख. त्यामुळे जहाज परत येईल त्या दिवशी व्हिसा जिवंत असायला हवा, नुसता मुंबईहून निघताना असून भागत नाही. आणि हो, व्हिसा असला म्हणजे आत घेतीलच असं नाही, शेवटचा शब्द काउंटरवरच्या माणसाचा.

आता मुख्य दुखणं, एसजी अरायव्हल कार्ड. हा ऑनलाइन फॉर्म आहे, तिथल्या इमिग्रेशनच्या म्हणजे आयसीएच्या वेबसाइटवर किंवा मायआयसीए ॲपवर भरायचा, फुकट. पुन्हा लिहिते, फुकट. गुगलवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट येतात आणि डॉलरमध्ये पैसे मागतात, त्यांना कार्ड नंबर देऊ नका. हा व्हिसा नाही, व्हिसाच्या जोडीला हा लागतो.

मुदत अशी आहे की पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आतच तो भरता येतो, त्याआधी नाही. लोक ‘तीन दिवस आधी’ एवढंच वाचतात आणि तिथेच गणित फसतं. समजा जहाज सोमवारी संध्याकाळी सुटणार आणि गुरुवारी सकाळी परत येणार. येण्याचा दिवस धरून तीन दिवस म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार. म्हणजे सोमवारी तुम्ही टर्मिनलवर फुकटच्या वायफायवर बसलेले असता, वेळ असतो, तेव्हा फॉर्म भरता येत नाही, आणि मंगळवारी भरता येतो तेव्हा तुम्ही भर समुद्रात, नेट नाही किंवा जहाजाचं महागडं वायफाय. मग हुशार माणसं काय करतात, सोमवारीच भरून टाकायचं म्हणून येण्याची तारीख अलीकडची टाकतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी हेच केलं, तारीख बुधवारची टाकली आणि उतरल्या गुरुवारी. पुन्हा भरायला लावला, मागे नातवंडं कंटाळलेली, पुढे टॅक्सीवाला फोन करतोय.

उपाय साधा आहे. जहाज मलेशियातल्या पेनांगला किंवा पोर्ट क्लांगला लागतं त्या दिवशी किनाऱ्यावर नेट मिळतं, तेव्हाच कुठेतरी कॉफी घेत बसून सगळ्यांचे फॉर्म भरून टाका, घरातल्या एकाला पूर्ण ग्रुपचा एकत्र भरता येतो. किनाऱ्यावर उतरणार नसाल तर जहाजाचं एक दिवसाचं वायफाय घ्या. आणि समुद्रात असताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल बघून क्रूझ स्वस्त वाटायला लागेल.

फॉर्ममध्ये मागच्या वेळचं कॉपी-पेस्ट करू नका. पहिल्या वेळी तुम्ही विमानाने आलात, मुंबईहून आलात. आता समुद्रमार्गे आलात, क्रूझने, जहाजाचं नाव तिकिटावर आहे तसं, आणि आधीचं ठिकाण म्हणजे जहाज ज्या बंदरातून शेवटचं सुटलं ते. मुंबई नाही! सवयीने सगळे मुंबई लिहितात. मुंबई येते ती पुढच्या ठिकाणाच्या रकान्यात, तिथून विमान घरी जाणार असेल तर. ईमेल स्वतःचा द्या, एजंटाचा दिलात तर ई-पास त्याच्याकडे जातो आणि तो रविवारी फोन उचलत नाही.

नावाचा एक प्रश्न आहे त्यात, की पूर्वी वेगळ्या नावाच्या पासपोर्टवर सिंगापूरला आला होता का. लग्नाआधी माहेरच्या नावाने ऑफिसच्या कामाला जाऊन आलेल्या कितीतरी जणी इथे सरळ ‘नाही’वर टिक करतात, कारण त्यांच्या डोक्यात असतं की मी तर मीच आहे. उत्तर ‘हो’ आहे आणि जुनं नाव तसंच्या तसं लिहायचं. हो लिहिल्याने काही बिघडत नाही, लपवल्यासारखं दिसलं तर प्रश्न वाढतात.

मलेशिया आणि थायलंड यांची पण आपापली डिजिटल कार्डं आहेत, तीही तीन दिवसांच्या हिशेबातली, आणि तीन देशांची तीन कार्डं एकाच मोबाईलमध्ये असली की कोणतं कुठलं ते कळत नाही. क्रूझ कंपनी बुकिंगच्या ईमेलमध्ये कुठल्या बंदराला काय लागेल ते कळवते, तो ईमेल कंटाळवाणा असतो, तरी वाचा. आणि पेनांगचं कार्ड भरलं म्हणजे सिंगापूरचं झालं असं समजू नका.

काही जहाजांवर चढताना पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण मग फॉर्म भरताना नंबर आणि एक्स्पायरी डेट कुठून आणणार? म्हणून आधीच पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचे आणि व्हिसाचे फोटो सगळ्यांचे काढून ठेवा, नेट नसलं तरी उघडतील असे.

कस्टम्सचं थोडं. सिंगापूरला सिगारेटची ड्युटी-फ्री सवलत शून्य आहे, जहाजावरच्या दुकानातून घेतलेल्या पाकिटावरही, एकूण एक सिगारेट रेड चॅनेलला, म्हणजे कस्टम्सच्या काउंटरवर, सांगायची. दारूची सवलत आहे पण ती मिळायला वय १८ पूर्ण हवं, ४८ तास किंवा जास्त देशाबाहेर असायला हवं आणि मलेशियाहून आलेले नसायला हवं. आता बघा, छोट्या क्रूझ बऱ्याचदा मलेशियाला जाऊनच परत येतात, म्हणजे जहाजावर ‘ड्युटी-फ्री’ लिहिलेली बाटली बंदरात ड्युटी भरायची बाटली होते. व्हेप आणि च्युइंगगमवर बंदी आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्या काकांच्या खिशातली तंबाखूची पुडी? चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे, गुटखा आला, खैनी आली. चुन्याची डबी न्या हवी तर, पुडी मुंबईलाच ठेवा.

जीएसटी परताव्यावरूनही भांडणं बघितलीत. मुस्तफा या तिथल्या मोठ्या दुकानातून १०० डॉलरच्या वर खरेदी केली की टुरिस्टला ९ टक्के जीएसटीचा परतावा मागता येतो, आणि क्रूझ टर्मिनललाही ती सोय आहे असं कुठेतरी वाचून लोक तिथे बिलं घेऊन जातात. ती सोय क्रूझने कायमचं निघून जाणाऱ्यांसाठी आहे. त्याच बंदरात परत येणाऱ्या राउंड-ट्रिपला मिळत नाही. तुम्ही तो परतावा घरी जाताना चांगीवर मागायचा, आणि बॅग चेक-इन करायच्या आधी, कारण वस्तू दाखवा म्हणाले तर बॅग हातात असायला हवी.

हीच भानगड बाकीच्या देशांतही आहे. युरोपात ग्रीसहून निघून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येणारी क्रूझ घेतली तर शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) एन्ट्रीच्या रकान्यात ०१, म्हणजे एकच एन्ट्री, असून चालत नाही. आणि अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आपल्या एच-१बीवाल्यांनी तर फार जपावं. पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय पण तिथे राहण्याचे कागद चालू आहेत, अशांना कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येता येतं, हे ऐकून लोक मायामीहून बहामाची क्रूझ बुक करतात. ती सवलत कॅरिबियन बेटांना लागू होते ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना, एच-१बीला नाही. त्यात गंमत म्हणजे अमेरिकेत जन्मलेली छोटी पोरं, ती अमेरिकन नागरिक, त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर नुसत्या जन्मदाखल्यावर जाऊन येऊ शकतात, आणि आईबाप बंदरावर.

परत सिंगापूर. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, रात्रीच त्या घेऊन जातात आणि सकाळी थेट टर्मिनलला मिळतात, इमिग्रेशनच्या पलीकडे. त्यात व्हिसाची प्रिंट, औषधं, चार्जर आणि आजीचा चष्मा टाकून मोकळे होऊ नका. सकाळचे कपडेही बाहेर काढून ठेवा, एक जोडपं नाइट ड्रेसमध्ये रांगेत उभं होतं. जहाज आठला लागलं म्हणजे तुम्ही आठला बाहेर नाही, मजल्यामजल्याने सोडतात, त्यामुळे मुंबईचं विमान दुपारनंतरचंच घ्या. टर्मिनल दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट, घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना कुठलं ते नीट सांगा.