एआयने बनवलेल्या फसव्या जाहिरातीविरुद्ध तक्रार : सीमाभागातील ग्राहकांसाठी माहिती

माहिती तंत्रज्ञान नियमांतील जी दुरुस्ती 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू झाली, तिच्यानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या आणि खऱ्यासारख्या भासणाऱ्या चित्रावर, आवाजावर किंवा व्हिडिओवर तशी ठळक सूचना असणे आवश्यक आहे. जाहिरातीही यातून सुटत नाहीत. बेळगावच्या खडेबाजारातील दुकानदाराने साडीच्या फोटोचा उजेड वाढवला तर सूचनेची गरज नाही. पण न घडलेला प्रसंग किंवा अस्तित्वात नसलेला डॉक्टर खरा म्हणून दाखवला, तर आहे.

सूचना नसणे आणि जाहिरात फसवी असणे या दोन वेगळ्या तक्रारी असून त्यांची सरमिसळ करू नये. केवळ सूचना नसेल, तर ज्या समाजमाध्यमावर जाहिरात दिसली त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे अपील करता येते.

मधुमेह कायमचा बरा करण्याची हमी देणारा बनावट डॉक्टर मराठीत बोलताना दिसला, तर मात्र ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 17 नुसार अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी किंवा ऑनलाइन देता येते, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. खानापूर किंवा निपाणीच्या रहिवाशाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे थेटही पाठवता येते. हे प्राधिकरण जाहिरातदाराला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते.

अर्जासोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तिची लिंक, ती दिसल्याची तारीख व वेळ, जाहिरातदाराचे नाव आणि खरेदी केली असल्यास पावती जोडावी. व्हिडिओ आधी उतरवून ठेवावा, कारण अशा जाहिराती रातोरात गायब होतात. जाहिरात मराठीत असेल तर त्यातील वाक्ये जशीच्या तशी लिहून काढावीत आणि खाली कन्नड अनुवाद द्यावा. राज्याच्या कार्यालयांचा कारभार कन्नडमध्ये चालतो आणि सीमाभागातल्या माणसाला हे काही नवे नाही. अर्ज समक्ष दिल्यास पोच घ्यायला विसरू नये.

पैसे गेले असतील आणि भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती दाखल करावी. मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मोबाइलमधील पुरावा आयोगापुढे ठेवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार तो पुरावा कसा मिळवला हे सांगणारे प्रमाणपत्र जोडणे इष्ट. मात्र जाहिरातदार मुळातच भामटा निघाला आणि खात्यातून रक्कम नुकतीच गेली असेल, तर या अर्जांच्या मागे न लागता प्रथम सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करावा.