साडीच्या फोटोतली वळी आम्ही कॉम्प्युटरवर कशी रंगवतो, आणि त्यासाठी तुमच्याकडून काय हवं

नमस्कार.

तुमचं दुकान असो, हातमाग असो की घरून शिवलेल्या नऊवारीचा व्यवसाय, आमच्याकडे काम येतं ते बहुतेक वेळा एकाच अडचणीपायी. एका वाणाच्या साडीचे बारा रंग आहेत. बाराही नेसवून फोटो काढायचे म्हणजे मॉडेल, मेकअप, नेसवणाऱ्या ताई, जागेचं भाडं, दोन दिवस मोडतात. म्हणून एक साडी खरी नेसवायची आणि बाकीच्या अकरा कॉम्प्युटरवर. कधी साडी अजून मागावरच असते, हातात फक्त डिझाइनची फाइल असते, आणि दिवाळीच्या ऑर्डरी आत्ताच घ्यायच्या असतात.

यात कापड तेच आणि फक्त रंग वेगळा असेल तर काम सोपं आहे. मूळ फोटोतल्या वळ्या, म्हणजे कापडाला पडलेल्या घड्या आणि लाटा, तशाच ठेवून आम्ही रंग बदलतो. कापडच वेगळं असेल तर मात्र जुन्या वळ्या चालत नाहीत. त्या नव्याने रंगवाव्या लागतात, आणि या पत्रकात सांगायचं आहे ते त्याबद्दलच. गिऱ्हाईक फोनवर साडी बघतं तेव्हा त्याला कापडाला हात लावता येत नाही. साडी जड की हलकी, मऊ की कडक, अंगाला चिकटणार की फुगणार, हे सगळं ते वळ्यांवरूनच ताडतं. त्याला हे सांगता येणार नाही, पण डोळा ते करत असतो.

हे आम्ही एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका व्यापाऱ्याची सुती साडी आली होती, चांगली खळ दिलेली. आमच्याकडे तयार फोटो होता तो क्रेपच्या साडीचा. त्यावर आम्ही सुती साडीचं डिझाइन बसवलं. फोटो देखणे झाले, व्यापारी खूश झाले, ऑर्डरीही आल्या. मग पार्सलं परत येऊ लागली. तक्रार सगळ्यांची एकच, फोटोत मऊ दिसली आणि हातात कडक आली. रंग बरोबर होता, काठ बरोबर होता, बुट्टीही बरोबर होती. चुकल्या होत्या त्या फक्त वळ्या. आम्ही सगळे फोटो स्वखर्चाने पुन्हा केले. तेव्हापासून कापड हातात घेतल्याशिवाय, निदान त्याचे नीट काढलेले फोटो आणि व्हिडिओ पाहिल्याशिवाय, आम्ही एकही वळी रंगवत नाही. परगावी किंवा परदेशी साडी पाठवणाऱ्यांनी तर हे जास्तच जपावं, कारण तिथून साडी परत मागवण्याचा खर्च कधीकधी साडीएवढा होतो.

कापड असं का वागतं?

सुती धागा सेल्युलोजचा असतो. कापड दुमडलं, त्यावर बसलं, घाम किंवा दमट हवा लागली की त्या रेणूंमधले जुने हायड्रोजन बंध सुटतात आणि दुमडलेल्या अवस्थेतच नवे जुळतात. सुरकुती बसते ती अशी. पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली की तेच बंध पुन्हा सुटतात आणि कापड सपाट असताना जुळतात. लिननचा धागा फारसा ताणला जात नाही, म्हणून ते सुतीपेक्षाही जास्त चुरगळतं. पॉलिस्टर पाणी जवळपास घेतच नाही, त्यामुळे त्याला सुरकुत्या कमी पडतात. रेशीम वळतं, पण सोडलं की बरंचसं परत येतं.

चित्रात याचा अर्थ असा होतो. खळ दिलेल्या सुती साडीला वळ्या थोड्या, मोठ्या आणि कोनदार. मऊ रेशमाला वळ्या पुष्कळ, लांब, गोल माथ्याच्या. शिफॉनला बारीक आणि एकमेकींत मिसळणाऱ्या. पैठणीत तर एकाच साडीत दोन स्वभाव असतात. अंग रेशमाचं असतं आणि पदर व काठ जरीने जड झालेले. त्यामुळे अंगावरची वळी काठापाशी आली की अडते, काठ सरळ राहू पाहतो आणि त्याच्या वरच्या अंगाला थोडा फुगा येतो. हा फुगा चित्रात दाखवला नाही तर काठ चिकटपट्टीसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट, वळी कुठूनही सुरू होत नाही. कापड कुठेतरी धरलेलं असतं. खांद्यावरची पिन, कमरेला खोचलेल्या निऱ्या, वाकवलेलं कोपर, पुढे आलेला गुडघा. अशा जागेपासून वळ्या पंख्यासारख्या पसरतात. एकाच टोकाला धरलेलं कापड सरळ खाली लोंबतं. दोन टोकांना धरलेलं मध्ये झोळीसारखं उतरतं, जसं बसलेल्या बाईच्या दोन गुडघ्यांमध्ये दिसतं. ब्लाऊजच्या मुंढ्यात तिरप्या वळ्या येतात, कारण हात हलला की तिथे कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं, ताणलं जातं. ज्या वळीला सुरुवातच सापडत नाही ती आम्ही पुसून टाकतो, कितीही सुंदर आली असली तरी.

निऱ्यांचं काम

हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे, म्हणून जरा जवळून दाखवतो.

आधी डिझाइन बाजूला ठेवतो. फोटोशॉपमध्ये एक करडा लेयर घेतो आणि त्यावर फक्त उजेड आणि सावली रंगवतो. निरीच्या माथ्यावर उजेड, पोटात सावली. सगळं कौशल्य आहे ते या दोहोंच्या मधल्या कडेत. एका बाजूला कापड गोलाईने खाली जातं, तिथे सावली हळूहळू गडद होत जाते. दुसऱ्या बाजूला ते पुढच्या निरीखाली दडतं, तिथे सावली सुरीने कापल्यासारखी तुटते. दोन्ही कडा मऊ ठेवल्या तर निरीऐवजी धुराचा पट्टा दिसतो. दोन्ही धारदार केल्या तर पत्रा. निरी कमरेपाशी दाबलेली असते, म्हणून तिथे ब्रश बारीक आणि दाब जास्त. खाली घोट्याकडे ती उघडत जाते, तसा ब्रश रुंद आणि हलका. या टप्प्यावर आम्ही तुम्हाला करडा फोटो पाठवतो. त्यात रंग नाही, बुट्टी नाही, म्हणून तो उदास वाटतो, पण कृपया नीट बघा. करड्यात जी निरी पटत नाही ती रंग चढवल्यावरही पटणार नाही.

मग डिझाइन बसवायचं. यासाठी डिस्प्लेस नावाचा फिल्टर आहे. करड्या चित्राचा नकाशा म्हणून वापर करून तो डिझाइन सरकवतो. ० ते २५५ या मोजपट्टीवर १२८ चा करडा असेल तिथे काहीच हलत नाही, त्याहून उजळ जागी डिझाइन एका बाजूला सरकतं आणि गडद जागी उलट बाजूला. त्यामुळे चौकडीच्या सरळ रेघा वळीवरून वाकून जातात. स्वतः करून बघायचं असेल तर गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हा फिल्टर आहे.

पण निऱ्यांना एवढं पुरत नाही. फिल्टर डिझाइन वाकवतो, लपवत नाही. खऱ्या निरीत बरंचसं कापड आत गेलेलं असतं, बुट्टी अर्धी दिसते, तिचा उरलेला भाग पोटात असतो आणि पुढच्या निरीवर भलतीच बुट्टी येते. म्हणून प्रत्येक निरीचं कापड आम्ही वेगळं कापतो, थोडं सोडून पुढचा तुकडा घेतो आणि एकाखाली एक लावतो. खालचा काठ मग एका ओळीत येत नाही, पायऱ्यांसारखा थोडा वरखाली होतो. स्वस्तात केलेलं काम ओळखायचं असेल तर नेमका हा काठ बघा. निऱ्या आहेत आणि काठ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ, असं असेल तर डिझाइन वरून नुसतं चिकटवलेलं आहे.

सावलीचा रंग

सावली काळी नसते. हळदी रंगाच्या साडीवर करडी सावली टाकली तर पिवळा मळकट हिरवा होतो, आणि हळदीच्या कार्यक्रमासाठी साडी शोधणारी मुलगी तो फोटो सोडून पुढे जाते. पिवळ्याची सावली आम्ही नारिंगी-तपकिरीकडे नेतो, लालाची गडद मरूनकडे. शिवाय वळीच्या पोटात समोरच्या वळीचा उजेड परत पडलेला असतो, म्हणून सगळ्यात खोल जागेच्या अलीकडे रंग पुन्हा थोडा जिवंत होतो. धूपछाव रेशमात तर ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळे माथ्यावर एक रंग चमकतो आणि उतारावर दुसरा. तिथे उजेडाचा आणि सावलीचा असे दोन वेगळे रंग तुमच्या कापडावरूनच घ्यावे लागतात.

जरीचा काठ हा आमचा आवडीचा आणि सगळ्यात कष्टाचा भाग आहे. रेशीम उजेडातून सावलीत हळू जातं, जरीची तार एकदम जाते. एक रेघ लखलखते आणि तिच्या शेजारची जवळपास काळपट दिसते. म्हणून जरीचा काठ वेगळ्या लेयरवर हाताने उजळावा लागतो.

हल्ली लोक विचारतात, की एआयकडून हे मिनिटात होत नाही का? वळ्या तो छान काढतो, हे खरं आहे. पण वळीबरोबर तो डिझाइनही स्वतःच्या मनाने भरतो. मोराची मान बदलते, मुनियाच्या काठातले पोपट पानांसारखे होतात, बुट्ट्या कमी-जास्त होतात. ज्या विणकराने तो मोर महिनोन्‌महिने बसून विणला, त्याच्या साडीवर दुसराच मोर दाखवणं आम्हाला मान्य नाही. गिऱ्हाइकालाही ते फसवणं होईल.

आमच्याकडे नवीन मुलंमुली येतात तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांना कॉम्प्युटर देत नाही. भिंतीवर खिळा आहे, त्यावर आज पंचा, उद्या रेशमी पदर, परवा खण लावायचा आणि पेन्सिलीने काढायचा. शेजारी कोल्हापूरच्या एम. व्ही. धुरंधरांच्या (१८६७–१९४४) चित्राची प्रत लावली आहे. नऊवारी नेसून चालणाऱ्या बाईच्या पावलाबरोबर कापड कसं ओढलं जातं हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं आम्हाला तरी कुणी सापडलेलं नाही.

तुम्ही काय पाठवायचं

साडी पाठवता आली तर उत्तमच. नसेल तर त्याच कापडाचा हात-दीड हात तुकडा, काठासकट. तेही शक्य नसेल तर साडी खुर्चीच्या पाठीवर टाका, खिडकीचा उजेड एकाच बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा आणि फोटो काढा. दुसरा फोटो साडी सपाट पसरून, बाजूला फूटपट्टी ठेवून. ही पट्टी विसरू नका. तिच्याशिवाय पदरावरचा मोर तळहाताएवढा आहे की वीतभर, हे आम्हाला कळत नाही, आणि मोराचं माप चुकलं की सगळी साडी चुकते. शिवाय पदर हातातून सोडतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ. कापड किती जड आहे ते पडण्याच्या वेगावरून समजतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पोत पुसला जातो. साडीला खळ आहे का, आणि पहिल्या धुण्यानंतर ती मऊ पडते का, हेही लिहा.

कपाटात ठेवून पडलेल्या घडीच्या आडव्या-उभ्या रेघा आम्ही काढून टाकतो. त्या इस्त्रीने जातात, कापडाचा तो स्वभाव नव्हे. पण सुती साडीच्या कमरेजवळच्या बारीक सुरकुत्या काढा म्हणाल तर आम्ही एकदा तरी तुम्हाला थांबवू. त्या गेल्या की ती साडी सुती वाटत नाही.

दुरुस्त्या सांगताना ‘जरा नॅचरल करा’ एवढ्यावर आम्हाला नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. आपल्या भाषेत यासाठी चोख शब्द आहेत, तेच वापरा. खांद्यावर ताण जास्त आहे, पाठीत झोळ आलाय, बाहीच्या चुण्या मोजक्या हव्यात, ओचा सैल दिसतोय, निऱ्या फुगल्यात. फोटोवर बोटाने गोल करून पाठवलंत तर आणखी सोपं. करड्या टप्प्यावर तीन वेळा बदल करून देतो. रंग चढवल्यानंतर निऱ्या बदलायच्या म्हणजे काम जवळजवळ पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून ते आधीच बघून घ्या.

कापडाचा तुकडा परत हवा असेल तर पाकिटावर तसं लिहा, कामाबरोबर कुरियरने पाठवू. काही लिहिलं नसेल तर तो आम्ही ठेवून घेतो, खिळ्यावर लावायला.