लिटन आयोग
लिटन आयोग : ईशान्य चीनमधील मांचुरियावरील जपानी आक्रमणाच्या चौकशीसाठी राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) डिसेंबर १९३१ मध्ये नेमलेला पाच सदस्यांचा आयोग. ब्रिटनचा लॉर्ड लिटन अध्यक्ष होता. फ्रान्स, इटली, जर्मनी आणि राष्ट्रसंघाबाहेरील अमेरिका यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी होता. लॉर्ड लिटन हा भारताचा व्हाइसरॉय लिटन याचा मुलगा. त्याचा जन्म सिमल्याचा, आणि १९२२ ते १९२७ या काळात तो बंगालचा गव्हर्नर होता.

रशिया-जपान युद्धानंतर १९०५ च्या पोर्ट्‌स्मथ तहाने दक्षिण मांचुरियातील रेल्वे जपानकडे आली. तिच्या संरक्षणासाठी ठेवलेले क्वांतुंग सैन्य पुढे टोकियोच्या मंत्रिमंडळालाही जुमानेनासे झाले. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकडेनजवळ (आजचे शेन्यांग) याच रेल्वेमार्गावर स्फोट झाला. नुकसान इतके किरकोळ होते की थोड्याच वेळात एक गाडी तेथून सुखरूप गेली. स्फोटाचा बेत क्वांतुंग सैन्याचेच अधिकारी इतागाकी आणि इशिवारा यांचा होता. ठपका मात्र चिनी सैन्यावर ठेवून मुकडेन ताब्यात घेण्यात आले.

चीनने लगेच राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. सैन्य मागे घेण्याचा ऑक्टोबरमधील ठराव १३ विरुद्ध १ असा झाला, पण विरोधी मत जपानचेच असल्याने एकमताच्या नियमात तो अडकला. मग चौकशीची वाट धरली गेली आणि जपानला हवा असलेला वेळ आयताच मिळाला. आयोग २९ फेब्रुवारी १९३२ रोजी टोकियोत पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी मांचुक्वो हे ‘स्वतंत्र’ राज्य घोषित झाले. चीनचा पदच्युत बादशहा पुयी त्याचा नामधारी प्रमुख झाला.

ऑक्टोबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाची भाषा जपून वापरलेली आहे. स्फोट कोणी केला हे त्यात सांगितलेले नाही. जपानचे आर्थिक हितसंबंधही मान्य केले आहेत. तरी दोन निष्कर्ष स्पष्ट आहेत : त्या रात्रीची लष्करी कारवाई रास्त स्वसंरक्षण ठरत नाही आणि मांचुक्वो स्थानिक जनतेच्या चळवळीतून जन्मलेले नाही. चीनच्या सार्वभौमत्वाखाली स्वायत्त मांचुरिया, असा तोडगा आयोगाने सुचवला. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत जपानने मांचुक्वोला मान्यता देऊन टाकलेली होती.

२४ फेब्रुवारी १९३३ रोजी राष्ट्रसंघाच्या सभेने अहवालावर आधारित ठराव ४२ विरुद्ध १ मतांनी संमत केला. सयाम (आजचे थायलंड) तटस्थ राहिला. जपानी प्रतिनिधी मात्सुओका सभागृह सोडून गेला आणि २७ मार्चला जपानने राष्ट्रसंघ सोडत असल्याची सूचना दिली. निर्बंध कोणीच लादले नाहीत. बळाने झालेला बदल मान्य न करण्याचे जानेवारी १९३२ मध्ये अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री स्टिम्सन याने जाहीर केलेले धोरणही कागदावरच्या निषेधापलीकडे गेले नाही. मे १९३३ च्या चीन-जपान तांगू युद्धविरामाने जपानी वर्चस्व चीनच्या भिंतीपर्यंत पोहोचले. सोव्हिएट रशियाने तर १९३५ मध्ये उत्तर मांचुरियातील आपली रेल्वे मांचुक्वोला विकून टाकली. इटलीने १९३७ मध्ये आणि जर्मनीने १९३८ मध्ये मांचुक्वोला मान्यता दिली. १९४० मध्ये या दोघांशी जपानचा त्रिपक्षीय करार झाला, तेव्हा परराष्ट्रमंत्रिपदी मात्सुओकाच होता.