संमिश्र प्रकल्प व्यवस्थापन (बांधकाम)

करार, आराखडे, परवानग्या, खर्च आणि मुख्य टप्प्यांच्या तारखा पारंपरिक पद्धतीने वरून ठरवायच्या, आणि त्या चौकटीत आठवड्याच्या व रोजच्या कामाचा क्रम मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्या गटांनी आपसात लावायचा, अशी बांधकामातील व्यवस्था. मुंबईत साईटला लागून माल उतरवायला जागा नसते आणि एकाच इमारतीत अनेक ठेकेदारांची माणसे एकाच वेळी वावरत असतात. त्यामुळे इथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

पूर्वपीठिका

कामांचे आडवे पट्टे दाखवणारा तक्ता अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने 1910 च्या दशकात रूढ झाला. 1957 च्या सुमारास मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्प लांबतो ती साखळी शोधण्याची पद्धत, मांडली. पाठोपाठ अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून पर्ट ही कामांना लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्याची पद्धत आली. आज साईट ऑफिसच्या भिंतीवर लावलेला ‘प्रोग्राम’, म्हणजे कामांचे वेळापत्रक, याच परंपरेतला आहे.

स्वयंसंघटित गटांचा विचार दुसऱ्या वाटेने आला. ब्रिटनमधील कोळसाखाणींचा अभ्यास करताना एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ या संशोधकांना 1951 मध्ये दिसले, की यंत्रे आल्यावर काम पाळ्यापाळ्यांत तोडले गेले आणि सगळे काम मिळून उरकणाऱ्या जुन्या छोट्या गटांची ताकद गेली. 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या अभ्यासकांनी जपानी व अमेरिकी कंपन्यांतील नवे उत्पादन घडवणाऱ्या गटांबद्दल असेच निरीक्षण मांडले. त्यातून सॉफ्टवेअरमधील स्क्रम या छोट्या गटांनी थोड्या थोड्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीला नाव मिळाले, आणि 2001 मध्ये अशा पद्धतींना एकत्र बांधणाऱ्या अजाइल विचाराचा जाहीरनामा आला. बांधकामात हा धागा संशोधक लॉरी कोस्केला यांच्या बांधकामाकडे उत्पादन म्हणून पाहणाऱ्या 1992 च्या अहवालानंतर रुजला. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ ही प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्यांनीच आठवड्याचे नियोजन करण्याची पद्धत घडवली. आठवड्याला ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात पुरी होतात, हे त्यांनी मोजून दाखवले. नियोजन वरचे लोक करतात आणि अडचणी खालच्यांना माहीत असतात, हा त्या आकड्याचा अर्थ.

चौकट कोणाच्या हाती

सॉफ्टवेअरची पद्धत जशीच्या तशी साईटवर चालत नाही, कारण भरलेला स्लॅब मागे घेता येत नाही. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साधारणपणे 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे 14 दिवस काढायचे नसतात. गटाने कितीही एकमताने ठरवले तरी हे दिवस कमी होत नाहीत. महापालिकेची परवानगीही टप्प्याटप्प्याने येते. आधी आयओडी (आराखड्याला अटींसह मंजुरी), मग प्लिंथपर्यंतची (जोत्यापर्यंतची) सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला, आणि प्लिंथ तपासल्यावर वरच्या मजल्यांची. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे नोंदवलेली ताब्याची तारीख सगळ्यांना दिसते. पुनर्विकासात त्यावर आणखी एक भार असतो. सहकारी संस्था अधिनियमातील कलम 79अ खालील 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे संस्था सल्लागार नेमते आणि विकासकाशी करार करते. सभासद भाड्याच्या घरात राहत असतात आणि ते भाडे विकासक भरत असतो. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे काम नाही, दिवसा अवजड वाहनांच्या वेळा ठरलेल्या, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणून तारखा, संरचना आणि सुरक्षितता या तीन गोष्टी वरच्या चौकटीतच राहतात. पायाचे खोदकाम, उंचावरचे काम किंवा सेंट्रिंगची (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या साच्याची) तपासणी टोळीच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आहे आणि त्यात तडजोड नसावी.

बैठक आणि बाथरूम

या पद्धतीचा खरा कस फिनिशिंगच्या कामात लागतो, आणि तिथेही सर्वांत जास्त बाथरूममध्ये. प्रोग्राममध्ये ती एक ओळ असते : ‘12 वा मजला, टॉयलेट फिनिशिंग’. प्रत्यक्षात त्या चार-पाच फुटांच्या जागेत ब्लॉकवर्कवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉटरप्रूफिंगवाला, टाइलवाला आणि दरवाजाची चौकट बसवणारा सुतार अशी सहा माणसे एकामागून एक येतात. भिंत उभी राहिल्यावर प्लंबर झिरी मारून पाइप टाकतो आणि दाबाची चाचणी घेतो. मग वॉटरप्रूफिंग होते, पाणी भरून ठेवून गळती बघतात, आणि त्यानंतर भरणी व टाइल. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गीझरचा पॉइंट राहिला म्हणून इलेक्ट्रिशियन पुन्हा छिन्नी घेऊन आत गेला, तर सगळे काम पाण्यात जाते. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आल्यावर दोष कोणाचा, हे मग कोणालाच सिद्ध करता येत नाही.

संमिश्र पद्धतीत दर आठवड्याला साईटवरच एका फळ्यासमोर मुकादम आणि इंजिनिअर जमतात. प्रत्येक कामाला चिठ्ठीचा एक रंग दिलेला असतो. चर्चा शेवटच्या टोकापासून सुरू होते. टाइलवाला सांगतो, मला कोरडा आणि तपासलेला तळ हवा. वॉटरप्रूफिंगवाला सांगतो, मग माझ्या कामानंतर कोणीही आत पाऊल टाकायचे नाही. प्लंबर म्हणतो, मला एकेक मजला देऊ नका, एका डक्टवरची (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीवरची) तीन मजल्यांची बाथरूम एकदम द्या, माझी उभी लाइन एका दमात खाली येईल. प्रोग्राम मजल्यामजल्याने आखलेला असतो, प्लंबरचे काम मात्र डक्टमधून उभे चालते. ही गोष्ट ऑफिसातल्या तक्त्यात कधीच नसते. ती पाइप जोडणाऱ्यालाच ठाऊक असते आणि त्याला विचारले तरच कळते. याच्या जोडीला पुढच्या सहा आठवड्यांची कामे चाळून माल, ड्रॉइंग, परवानगी आणि कामाचा फ्रंट (काम सुरू करायला मोकळी जागा) तयार आहे का, हे इंजिनिअर तपासतो. अडथळे मोकळे करणे हे त्याचे काम, क्रम सांगणे नव्हे.

आठवड्याच्या शेवटी दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले, हे मोजतात. 10 कामे कबूल केली आणि 7 पुरी झाली, तर प्रमाण 70 टक्के. नव्वद टक्के झालेले काम ‘झाले’ धरत नाहीत. हा आकडा मुकादमाला झापण्यासाठी वापरला, की पुढच्या आठवड्यापासून तो सोपी कामेच कबूल करतो आणि मोजणी निरुपयोगी होते. शब्द न पाळण्याचे कारण लिहायचे आणि ते पुन्हा येणार नाही हे बघायचे, एवढाच तिचा उपयोग.

या सगळ्याचा पाया म्हणजे मुकादमाला ‘नाही’ म्हणता येणे. ड्रॉइंग आले नाही, सळई कमी आहे, आधीच्या टोळीने मलबा उचललेला नाही, तर ‘मंगळवारी होणार नाही’ असे त्याने सर्वांसमोर सांगितले पाहिजे आणि ते ऐकून घेतले गेले पाहिजे. आपल्या साईटवर ‘हो साहेब, हो जाएगा’ म्हणण्याची सवय खोलवर आहे. नकार दिला तर पुढचे काम दुसऱ्याला जाईल, ही भीती तिच्यामागे आहे आणि ती खोटी नाही. बैठका, फळे आणि रंगीत चिठ्ठ्या आणूनही ज्या साईटवर काही बदलत नाही, तिथे बहुधा हाच हक्क दिलेला नसतो.

स्लॅब भरण्याआधीचे पोअर कार्ड हे दोन्ही पद्धतींच्या मिलाफाचे जुने आणि चांगले उदाहरण आहे. सेंट्रिंग, लोखंड, इलेक्ट्रिकचे पाइप, प्लंबिंगच्या स्लीव्ह यांची प्रत्येकाची सही झाल्याशिवाय काँक्रीटची गाडी बोलवायची नाही, असा नियम असतो. ट्रान्झिट मिक्सर गेटवर आल्यावर घाईने सह्या घेतल्या, तर ते कार्ड नुसता कागद उरते.

मर्यादा

पहिली मर्यादा पैशाची आहे. मुकादमाला चौरस फुटावर पैसे मिळतात आणि मोजमाप महिन्याच्या आर.ए. बिलात (झालेल्या कामाच्या चालू बिलात) होते. दुसऱ्यासाठी जागा लवकर मोकळी करून देण्यात त्याचा फायदा काहीच नाही, उलट त्याची माणसे बसून राहतात. अर्धवट पन्नास बाथरूमपेक्षा पुढच्या टोळीने स्वीकारलेल्या वीस बाथरूमला दर दिला, तर वागणूक बदलते. दुसरी मर्यादा ठेक्याच्या थरांची. बैठकीला येणाऱ्या माणसाच्या हातात किती कामगार आणायचे हे नसते. होळी किंवा छठला टोळ्या गावी जातात आणि नाक्यावरून आणलेल्या नव्या माणसाला आधीचे बोलणे माहीत नसते. एकाच साईटवर मराठी, हिंदी, बंगाली बोलली जाते, म्हणून लेखी याद्यांपेक्षा मजल्याच्या नकाशावर रंग भरणे जास्त उपयोगी ठरते.

भुयारी कामात गटाची मोकळीक आणखी आकसते. कुलाबा ते आरे या 33.5 किलोमीटरच्या मेट्रो-3 सारख्या मार्गात बोगदा खोदणाऱ्या यंत्राचा क्रम कोणी बैठकीत बदलू शकत नाही. स्थानकांच्या आतल्या वायरिंग, वातानुकूलन आणि फरशीच्या कामांत मात्र वर सांगितलेल्या बाथरूमसारखीच गर्दी असते.

सरकारी कामांत हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही, ठेवावे लागते आणि मुदतवाढ त्यातील नोंदींवर अवलंबून असते. आठवड्याच्या फळ्यावर लिहिलेले कारण त्याच दिवशी या रजिस्टरमध्ये चढवले पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या पाहिजेत. तसे न केल्यास टोळीने प्रामाणिकपणे सांगितलेली अडचण करारापुढे टिकत नाही, आणि उशिराचा दंड शेवटी तिच्याच बिलातून कापला जातो.