पुणे, हैदराबाद, दिल्ली: एका फुटबॉल संघाच्या जागेची आणि न विचारलेल्या जाबाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2025 मध्ये हैदराबाद एफसी हा संघ दिल्लीला हलवण्यात आला आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवण्यात आले. इतरत्र ही बातमी एका संघाचे स्थलांतर म्हणून वाचली गेली असेल. पुण्यातील फुटबॉलप्रेमींसाठी मात्र ती जुन्या जखमेवरची खपली काढणारी होती, कारण इंडियन सुपर लीगमधील हीच जागा 2019 पर्यंत एफसी पुणे सिटीची होती. अवघ्या सहा वर्षांत एका जागेला तीन शहरे मिळाली. या काळात प्रशिक्षक आले आणि गेले, त्यांतील एकाला तर तीन सामन्यांनंतर निरोप देण्यात आला. मालकीच्या पातळीवर घेतलेल्या एकाही निर्णयाचा जाब विचारण्याची सोय मात्र समर्थकांना कधीच मिळाली नाही. प्रशिक्षकाने दर आठवड्याला उत्तर द्यायचे आणि मालकाने कोणालाच द्यायचे नाही, ही स्थिती कशी निर्माण झाली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील मोठे संघ उद्योगसमूहांच्या आश्रयानेच वाढले. मुंबईत 1962 साली एका वाहन उद्योगाने स्थापन केलेला संघ पुढे महिंद्रा युनायटेड म्हणून ओळखला गेला, 2005-06 मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. जवळपास अर्धशतकाचा संघ कंपनीच्या एका निर्णयाने इतिहासजमा झाला, त्यामुळे जुनी व्यवस्था निर्दोष होती असे कोणी म्हणू नये. तरीही तिच्यात एक सातत्य होते. गोव्यातील धेंपो क्लबमध्ये एकच प्रशिक्षक एका तपाहून अधिक काळ राहिला आणि क्लबची पाचही राष्ट्रीय विजेतेपदे, 2004-05 पासून 2011-12 पर्यंतची, त्याच्याच कारकिर्दीत आली. मालक घराणे आणि प्रशिक्षक दोघेही गोव्यातच राहत असल्यामुळे संघ हरला तर दोघांनाही लोकांसमोर यावेच लागे.

कोल्हापूरची व्यवस्था त्याहून वेगळी आहे आणि या विषयात तिचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो येथे करतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही मुळात तालीम मंडळे आहेत. संघ पेठेचा असतो आणि मंडळाचा पदाधिकारीही त्याच पेठेत राहतो. शाहू स्टेडियमवर संघ हरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच गल्लीतून जायचे असते आणि चहाच्या टपरीवर त्याच माणसांना उत्तर द्यायचे असते. या व्यवस्थेत पैसा कमी, भांडणे पुष्कळ आणि प्रेक्षकांतील ईर्षा काही वेळा हाताबाहेर गेलेली, हे सारे खरे आहे. परंतु पाटाकडीलचा संघ उचलून दुसऱ्या जिल्ह्यात न्यावा, असा विचारही तेथे कोणाच्या मनात येणार नाही.

डिसेंबर 2010 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क एका खासगी भागीदाराला 15 वर्षांसाठी, सुमारे 700 कोटी रुपयांच्या मोबदल्यात दिले. त्या करारातून 2014 मध्ये आठ शहरांची नवी लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग, उभी राहिली. तिचे दोन पायाभूत नियम पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ आहेत: संघ चालवण्याचा हक्क पैसे भरून मिळत होता आणि शेवटच्या क्रमांकावर राहिल्याने तो जात नव्हता. क्लबचे सभासद ही संकल्पना त्यात नव्हती. जगात इतरत्र मालकाला वठणीवर आणणाऱ्या दोन गोष्टी असतात, खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती आणि सभासदांचे मत. त्या दोन्हींना येथे सुरुवातीलाच वाव ठेवला नव्हता.

पुण्यात त्या वेळी फुटबॉल संघ नव्हता असे मुळीच नाही. 2007 मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी खालच्या श्रेणीत खेळून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमध्ये, आला होता, पहिल्याच मोसमात तिसरा आणि 2012-13 मध्ये दुसरा आला होता, आणि त्याच्या अकादमीचे वयोगटांच्या स्पर्धांत नाव होते. नवी लीग सुरू झाल्यावर त्याच शहरात, त्याच बालेवाडीच्या मैदानावर दुसरा संघ उभा राहिला, ज्याच्यामागे चित्रपट अभिनेत्याचे नाव आणि इटलीतील एका क्लबची भागीदारी होती. 2015 मध्ये पुणे एफसी बंद झाला. आय-लीगमध्ये आलेला पुण्याचा आणखी एक संघ, भारत एफसी, एकाच मोसमानंतर त्याच वर्षी थांबला. डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये संपला. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी 2016 मध्ये आय-लीगमधून माघार घेतली, कारण आय-लीगला दुय्यम ठरवणाऱ्या प्रस्तावित रचनेत त्यांना भवितव्य दिसत नव्हते. या प्रत्येक घटनेची कारणे वेगवेगळी असली, तरी क्रम पाहिला की एक गोष्ट लपत नाही: मैदानावर खेळून वर आलेले संघ गेले आणि हक्क विकत घेतलेला संघ उरला.

उरलेल्या त्या संघाची, म्हणजे एफसी पुणे सिटीची, पाच मोसमांतील कामगिरी प्रशिक्षकांच्या यादीवरूनच कळते. इटलीचा प्रशिक्षक एक वर्ष, इंग्लंडचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू एक वर्ष, मग कोलकात्याला पहिले विजेतेपद मिळवून दिलेला स्पॅनिश प्रशिक्षक एक वर्ष. 2017-18 मध्ये सर्बियन प्रशिक्षकाने संघाला प्रथमच उपांत्य फेरीत नेले, तेथे बंगळुरूकडून पराभव झाला आणि पुढच्या मोसमाआधी तोही गेला. त्याच्या जागी आलेल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला ऑक्टोबर 2018 मध्ये तीन सामने मिळाले: दिल्लीत बरोबरी, मुंबईत 2-0 असा पराभव आणि बालेवाडीत बंगळुरूकडून 3-0 असा पराभव. तेवढ्यावर त्याला काढण्यात आले. मोसमाच्या उरलेल्या काळात आधी हंगामी भारतीय प्रशिक्षक आणि नंतर आणखी एक इंग्लिश प्रशिक्षक, असे पाच मोसमांत सहा कायम नेमणुकीचे प्रशिक्षक झाले. खेळाडू निवडणारे, करार करणारे आणि प्रशिक्षक नेमणारे यांच्या कामाचे मूल्यमापन कोणी आणि कोणत्या निकषांवर केले, हे समर्थकांना कधीच सांगण्यात आले नाही. पराभवाची जबाबदारी घेतली गेली असे प्रत्येक वेळी भासवले जात होते, आणि प्रत्यक्षात ती सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसावर टाकली जात होती.

ऑगस्ट 2019 मधील निर्णय हा या सगळ्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे आणि त्याच्याकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. मोसम तोंडावर आलेला असताना जाहीर झाले की, लीगमध्ये पुण्याऐवजी हैदराबादचा नवा संघ खेळेल. मालक समूह आर्थिक अडचणीत असल्याची चर्चा आधीपासून होतीच. घोषणेत हैदराबादचा संघ नवा असल्याचे म्हटले होते. पुण्याचे विक्रम आणि इतिहास त्याच्याकडे गेले नाहीत. परंतु पुण्याच्या संघातील बरेच खेळाडू त्याच्याकडे गेले आणि मोसमाच्या शेवटी पुण्याला शिकवणारा इंग्लिश प्रशिक्षकच त्याचा पहिला प्रशिक्षक झाला.

मग नेमके काय झाले होते? पुण्याचा संघ बंद झाला, विकला गेला की हलवला गेला? हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, कारण प्रत्येक उत्तरातून वेगळी जबाबदारी निघते. संघ हलवला गेला असेल, तर जुन्या शहराप्रती काही बांधिलकी उरते, निदान अकादमीतल्या मुलांचे काय होणार हे सांगण्याची तरी. संघ विकला गेला असेल, तर खरेदीदाराची आर्थिक ऐपत कोणी तपासली, हे लोकांना कळले पाहिजे. आणि संघ बंद झाला असेल, तर लीगमधील जागा रिकामी झाली होती आणि ती कोणाला द्यायची, हा खुला प्रश्न व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिन्ही उत्तरांमधले सोयीचे तेवढे घेण्यात आले: इतिहासापुरता संघ बंद, खेळाडूंपुरता हस्तांतरित आणि जागेपुरता कायम.

त्याच उन्हाळ्यात आय-लीगचे क्लब आपल्याला अव्वल श्रेणीत स्थान मिळावे म्हणून महासंघाशी भांडत होते आणि आंतरराष्ट्रीय संघटनेकडे दाद मागत होते. चेन्नई सिटी हा 2018-19 चा आय-लीग विजेता होता. पुण्याची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मैदानावर जिंकलेल्या क्लबला देण्याची वाटच नियमांत नव्हती. काही दिवसांतच दिल्ली डायनामोज हा संघही भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. दोन शहरांचे समर्थक एकाच महिन्यात संघाविना उरले.

निर्णयाच्या बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो पूर्ण पोकळ नाही. हैदराबादचे मालक पुढे आले नसते, तर कित्येक खेळाडूंचे करार अधांतरी राहिले असते आणि लीग एका संघाने कमी झाली असती. पैसा नसलेल्या मालकाला जबरदस्तीने पुण्यात ठेवून कोणाचेही भले झाले नसते, हेही मान्य. आक्षेप आहे तो पद्धतीला. समर्थकांशी चर्चा नाही, शहराला मुदत नाही, पर्यायी मालक शोधण्याचा जाहीर प्रयत्न नाही. मोसम तिकिटे घेऊन बालेवाडीला जाणाऱ्या, महामार्गालगतच्या त्या संकुलातून रात्री घरी परतण्यासाठी वाहन शोधणाऱ्या माणसांना हा निर्णय इतरांप्रमाणेच बातम्यांतून कळला.

पुढे जे घडले, त्याने हाच आक्षेप पुन्हा समोर आणला. हैदराबादचा संघ पहिल्या मोसमात 18 सामन्यांत 10 गुण मिळवून तळाला राहिला आणि जानेवारी 2020 मध्ये प्रशिक्षकाला काढण्यात आले. 2020-21 च्या मोसमासाठी आलेल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला मात्र वेळ मिळाला, तरुण भारतीय खेळाडूंवर त्याने भरवसा ठेवला आणि 20 मार्च 2022 रोजी गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून संघ विजेता झाला. प्रशिक्षकाला तीन वर्षे दिली तर काय होऊ शकते, याचा एवढा स्पष्ट पुरावा या लीगमध्ये दुसरा क्वचितच सापडेल. पण विजेतेपदानंतर दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली आणि 2023-24 मध्ये संघाने 22 पैकी एकच सामना जिंकला. या मोसमात प्रशिक्षकाला काय विचारणार? दोनदा तळाला गेलेल्या या संघाची जागा दोन्ही वेळा सुरक्षित राहिली. 2024 मध्ये नवे मालक आले आणि वर्षभरातच ती दिल्लीला गेली.

कोलकात्यात वेगळे घडले. 2020 मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीतील 80 टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाने घेतला आणि त्या समूहाच्या आधीच्या संघाचे नाव क्लबच्या नावाआधी जोडले गेले. समर्थकांनी ते नाव काढण्यासाठी मोहीम चालवली, संघ जिंकत असतानाही ती थांबवली नाही आणि मार्च 2023 मध्ये विजेतेपदाच्या रात्रीच मालकांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. तेथे 20 टक्के हिस्सा जुन्या क्लबकडे होता, क्लबला निवडणुकीने येणारी समिती होती आणि त्यामागे 1889 पासूनचा इतिहास होता. पुण्यातील समर्थकांची निष्ठा कमी नव्हती, पण त्यांच्या हाती टक्का नव्हता, मत नव्हते आणि संघाचे वय पाच वर्षे होते.

कोचीतही डिसेंबर 2024 मध्ये केरळा ब्लास्टर्सने स्वीडिश प्रशिक्षकाला काढले, त्या सुमारास समर्थकांच्या सर्वांत मोठ्या गटाने प्रशिक्षकाऐवजी व्यवस्थापनालाच दोषी धरले आणि तिकिटांवर बहिष्काराचा मार्ग घेतला. क्लबने त्यानंतर समर्थकांचे सल्लागार मंडळ नेमण्याचे जाहीर केले. सल्ला ऐकण्याचे बंधन अशा मंडळामुळे मालकावर येत नाही. तरीही काढलेल्या प्रशिक्षकामागे लपता येत नाही, हे व्यवस्थापनाला समजले.

2025 मध्ये जाबाची साखळी एक पायरी वर सरकली. महासंघ आणि खासगी भागीदार यांच्यातील 15 वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपणार होता, नूतनीकरण झाले नव्हते आणि जुलैमध्ये आयोजकांनी पुढचा मोसम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळवले. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. महासंघाने काढलेल्या निविदेला नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. आपल्याला न विचारता भवितव्य ठरवले जाते, ही तक्रार त्या वेळी मालक करत होते, आणि त्यांची तक्रार रास्तच होती. पुण्याच्या समर्थकांनी तीच 2019 मध्ये केली होती.

19 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला काही बदलांसह मान्यता दिली. अव्वल लीगमध्ये बढती आणि पदावनती असली पाहिजे, हे तत्त्व त्या घटनेत आहे, आणि ते अमलात आले तर मालकाला पराभवाची किंमत प्रथमच स्वतः मोजावी लागेल. हैदराबादची जागा दिल्लीला गेली ती त्यानंतरच्या काही आठवड्यांत. स्थलांतराआधी जाहीर सूचना द्यावी, खेळाडू आणि कर्मचाऱ्यांची थकबाकी चुकती झाल्याशिवाय परवानगी देऊ नये, अकादमीतील मुलांची सोय लेखी नोंदवावी आणि त्या शहरातील समर्थकांचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकावे, या मागण्या पुण्यापासून सुरू झाल्या. हैदराबादच्या समर्थकांनाही आता त्याच करायच्या आहेत.