ॲस्बेस्टॉसची भरपाई आणि दोन वर्षांचे कोडे

सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असते, पण ठाण्यात त्या पत्र्याला कुणी ॲस्बेस्टॉस म्हणत नाही. वागळे इस्टेटची शेड असो की किसननगरची खोली, तो नुसता पत्रा. म्हणूनच ‘ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे ना?’ असे लोक सहज विचारतात. बंदी नाही. १९८६ पासून नवे खाणपट्टे देणे थांबले, इतकेच. रशिया, कझाकस्तानातून पांढरा ॲस्बेस्टॉस येतो आणि त्याचा पत्रा आजही बनतो. ब्रिटनने १९९९ मध्ये सगळ्याच प्रकारांवर बंदी घातली.

ठाण्याला खेटून, मुलुंडमध्ये, ब्रिटिश भांडवलाचा पत्र्याचा कारखाना स्वातंत्र्याच्या आधीपासून होता. तिथली धूळ कुठली ते निदान सांगता तरी येते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यांत वाफेच्या पाइपांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारे आवरण, चढवणारा, जुने खरवडून काढणारा, गास्केटसाठी, म्हणजे पाइपांच्या जोडातली गळती रोखण्यासाठी, ॲस्बेस्टॉसची दोरी कापणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा. त्याच्या हजेरीपत्रकावर ‘फिटर’ किंवा ‘हेल्पर’ असते, ॲस्बेस्टॉस कुठेच नसते.

धुळीपासून होणारे आजार एकच नव्हेत. ॲस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुस चिवट होत जाते आणि त्याला सहसा वर्षानुवर्षांची भरपूर धूळ लागते. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो थोड्या धुळीनेही होऊ शकतो आणि वर यायला वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहून जास्त घेतो. दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातून हा संबंध १९६० मध्ये पुढे आला. आपल्याकडे छातीत पाणी झाले की आधी टीबीची शंका येते. माझ्या पाहण्यातल्या एका फाइलमध्ये टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाल्यावर कुठे बायोप्सीचा कागद लागतो. ‘आधी काय काम करत होता?’ हा प्रश्न त्या फाइलमध्ये शोधूनही सापडत नाही.

१९८६ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले. ॲस्बेस्टॉस उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांतले जे उशिराचे तोवर ठेवावी, असा आदेश झाला. आजार प्रमाणित झालेल्या कामगाराला एक लाख रुपयेही ठरले. निकाल मोठा होता, पण हिशेब करून पाहा. समजा, एक जण १९७२ मध्ये बाविसाव्या वर्षी लागला, १९९४ मध्ये व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन बाहेर पडला आणि २०१३ मध्ये त्याच्या छातीत पाणी झाले. त्याची नोंद ठेवायची मुदत २०१२ मध्येच संपलेली.

खरा गुंता कामगारांसाठीच्या १९२३ च्या भरपाई कायद्यात आहे. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, तरी जुन्या प्रकरणांचा वाद त्याच्याच शब्दांवर चालतो. ‘ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा’ त्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीच्या, ब भागात आहे. म्हणजे त्या कामात सलग सहा महिने नोकरी झालेली असली की आजार अपघातासारखा धरता येतो. नोकरी सुटल्यावर झालेला आजारही कलम ३ मान्य करते. पण दावा करण्याच्या मुदतीच्या कलम १० मधले एक परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने जोडलेली पुरवणी तरतूद, म्हणते की नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा धरावा. मालकाचा वकील यातून ‘दोन वर्षांनंतर दार बंद’ असे वाचतो. कामगाराच्या बाजूचे म्हणणे असे की ही सवलत आहे, अडसर नव्हे. पुरेसे कारण असेल तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकतात, आणि कलम ३ ने दिलेले कलम १० ने काढून घेतले असे वाचायचे कसे? मला दुसरे वाचन पटते. वीस वर्षांआधी न दिसणाऱ्या आजाराला दोन वर्षांची अट लावायची, तर परिशिष्टात त्याचे नाव घातले कशाला?

मृत्यूनंतरच्या दाव्याची मुदत वेगळी मोजतात, मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षे. बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत हे घरच्यांना कुणी सांगत नाही. ज्याच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता त्याला मात्र भरपाई तिथूनच मागावी लागते, दोन्हीकडे मागता येत नाही.

मुलुंडच्या कारखान्याची जुनी ब्रिटिश पालक कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या मागे उरलेल्या विश्वस्त निधीकडे इथल्या माजी कामगारांनी दावे केले. अशा दाव्यांना लागतात ते कागद माळ्यावरच्या ट्रंकेत असतात: वेतनचिठ्ठी, गेटपास, पीएफची पावती. नवऱ्याचे पांढरे झालेले कपडे मोरीत झटकून धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याचे जगभर नोंदले गेले आहे. त्या मात्र कुणाच्याच नोकर नव्हत्या आणि भरपाई कायद्यात नोकर नसलेल्यासाठी रकाना नाही.